शेपूट दाराकडे

फोन उचलला आणि सवयीने विचारलं, "कितव्या मजल्यावर अडकलात?"

 पलीकडून एका बाईचा आवाज आला, तरुण, पण घसा बसलेला. "मजला नाही. पाण्याखाली. आणि मी नाही, आमचा एक जण." मला वाटलं, कुठल्यातरी तळघरात पाणी शिरलं असेल आणि लिफ्ट त्यात जाऊन बसली असेल. होतं तसं कधीकधी. पत्ता लिहून घ्यायला मी पेन्सिल उचलली. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही डावरे ना? मास्तरांचे डावरे?" पेन्सिल माझ्या डाव्या हातात होती. या नावाने मला हाक मारणारा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली. मी पेन्सिल खाली ठेवली, जणू कुणी चोरी पकडली होती.

ही लिफ्टच्या कंपनीची फोनची खोली आहे. तीन टेबलं, तीन फोन, एक खिडकी, आणि त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची तशीच खिडकी. आमच्या खात्याला कंपनीत सगळे 'धीर विभाग' म्हणतात, कारण आम्ही दुरुस्त काहीच करत नाही, फक्त धीर देतो. भिंतीवर सूचनांचा तक्ता आहे. नाव विचारा. 'घाबरू नका' असं म्हणू नका, त्याने माणूस जास्त घाबरतो. 'आमचा माणूस निघाला आहे' असं म्हणा. लिफ्टमध्ये हवा भरपूर असते हे न विसरता सांगा. एकोणीस वर्षं मी हे सांगतो आहे. लोकांना ते खरं वाटतं, आणि मुख्य म्हणजे ते खरंच असतं. बायको म्हणते, तुम्हाला अगदी तुमच्याजोगं काम मिळालं, स्वतः खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, निघालोच. मी हसतो. तिच्या भावानेही हेच म्हटलं असतं, फक्त जास्त वाईट शब्दांत.

ती बचाव पथकाची प्रमुख होती. नंबर तिला माझ्या घरून मिळाला होता. तिने सांगितलं ते असं. काल दुपारी दोघे जण पाण्याने भरलेल्या गुहेत उतरले. दुसऱ्या दालनात एकाचा पाय तळाला लागला, गाळ उठला, आणि हातभर पुढचं दिसेना. एक जण मुख्य दोरी धरून बाहेर आला. दुसरा आला नाही. तो बेकरीत काम करतो, पहाटेचं काम, म्हणून दुपारी नेहमी मोकळा. त्याच्या पाठीवर फार तर दोन तासांची हवा होती, आणि आता अठ्ठावीस तास झाले होते. "त्याची आई काठावर बसून आहे," ती म्हणाली. "आम्ही अंधार पडायच्या आत थांबणार आहोत. माझी माणसं थकलीत, आणखी कुणी आत राहायला नको. तुम्हाला विचारायचं ते एवढंच, की दुसऱ्या दालनात डाव्या भिंतीला एक जुनी पांढरी दोरी आहे. ती नकाशात नाही. तुमची का?"

मी म्हटलं, "आमची."

दोरी म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो वास. ओली दोरी वाळत घातली की तिला एक वास येतो, शाळेच्या पाटीसारखा. मेहुण्याच्या गच्चीवर आम्ही ती या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत लावायचो, आणि गाठींचा सराव करायचो. गुहेत दोरी लावताना दर दहा फुटांवर एक गाठ मारायची, म्हणजे आत किती गेलो ते मोजता येतं. तेव्हा तो मेहुणा नव्हता, नुसता मास्तर होता. तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन गुहेत शिरायचा. आता म्हणे प्लास्टिकचे बाण मिळतात, दोरीला लावायचे, दार कुठल्या बाजूला ते दाखवणारे. आमच्या वेळी बाण नव्हते. मास्तरने त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. प्रत्येक गाठीला बोटभर लांबीचं शेपूट ठेवायचं, आणि ते बाहेरच्या बाजूला वळवून आवळायचं. गाळ उठला, दिवा गेला, डोळे फुटले तरी हरकत नाही, बोटाने शेपूट चाचपायचं आणि ते दाखवेल तिकडे जायचं. त्याने नकाशाच्या कोपऱ्यात सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'शेपूट दाराकडे'. पुढे त्या गुहेत उतरणारा प्रत्येक जण आधी हे दोन शब्द पाठ करायचा, असं ऐकून होतो. मी मात्र डावखुरा. उजव्या हाताने बांधायची गाठ डाव्या हाताने बांधली की शेपूट नेमकं उलट्या बाजूला जातं. म्हणून माझ्यासाठी वेगळा नियम होता. बांध, मग थांब, मग फिरव, मग आवळ. गच्चीवर तो माझ्या मागे उभा राहून म्हणायचा, "डावऱ्या, फिरवलीस का?" आणि मी म्हणायचो, "फिरवली, बाबा, फिरवली." चहाच्या कपाचा कान उजवीकडे ठेवूनही तो हेच विचारायचा. त्या वर्षांत मी जितका हसलो तितका नंतर हसलेलो नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"दोरीच्या बाहेरच्या टोकाला आम्ही शोधलं," प्रमुख सांगत होती. "तिथं काही नाही. आतल्या टोकाला ती एका फटीत जाते, पण नकाशावर तिथं भिंत आहे. म्हणून तिकडे वेळ घातला नाही. आणि एक विचारायचं राहिलं. शेपट्या सगळ्या आतल्या बाजूला आहेत. आम्हाला वाटलं, दोरी कधीतरी सुटली असेल आणि कुणीतरी मागाहून उलटी लावली असेल. मास्तरांची दोरी चुकायची नाही."

 शेजारच्या टेबलावर दुसरा फोन वाजत होता. खिडकीपलीकडच्या खिडकीत कुणीतरी कुंडीला पाणी घालत होतं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. हो, सुटली असेल, उलटी लावली असेल कुणीतरी. अठ्ठावीस तास झालेत, बाई, आता त्या पोराला काय फरक पडतो. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, आणि ते किती सहज आलं याची मला अजूनही भीती वाटते. कारण मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं काय झालं ते. आंधळ्या पाण्यात एक मुलगा भिंत चाचपतो आहे. त्याच्या हाताला दोरी लागते. बोटाला गाठ लागते, गाठीला शेपूट. त्याला काय आनंद झाला असेल. कोपऱ्यातले ते दोन शब्द त्याला पाठ होते. आणि तो शेपटीच्या बाजूला निघाला, एकेक गाठ मोजत, घराकडे निघाल्यासारखा, डोंगराच्या पोटात.

त्या दिवशी माझं लक्ष गाठींत नव्हतं. फटीपलीकडे एक खोली आहे, हे आम्हाला महिनाभर आधी कळलं होतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर ती फट, पाठीवरची नळकांडी काढून पुढे ढकलत जायचं, मग अंग वर घ्यायचं, आणि अचानक डोकं पाण्याबाहेर. वर दगडाचं छत, बाजूला दोन माणसं बसतील एवढा कट्टा, आणि हवा. जुनी, जड, पण हवा. मास्तरने तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "आमच्या घरचा पोटमाळा अगदी असाच होता." लहानपणी तो पोटमाळ्यावर लपून बसायचा. धाकट्या बहिणीला वर घ्यायचा नाही, कारण ती जाऊन आईला सांगायची. तेव्हापासून त्या खोलीचं नाव पोटमाळा. नकाशात ती काढायची नाही असं त्यानेच ठरवलं. बाकी सगळी गुहा त्याने इंचाइंचाने काढली, आणि तिथं मात्र सरळ भिंत दाखवली. "एक खोली तरी आपली असू दे," तो म्हणाला. असल्या माणसाने असली चूक करावी, पण तेव्हा मला ती चूक वाटली नाही. फार छान वाटलं होतं.

तर त्या दिवशी मी पुढे होतो आणि दोरी लावत होतो. मागून मास्तर दिवा धरून. आणि मी डोक्यात एक वाक्य जुळवत होतो. तुझ्या बहिणीला मागणी घालायची आहे. नाही, फार औपचारिक झालं. तुझी बहीण मला आवडते. हे त्याला माहीत असणारच. तुझी हरकत नसेल तर. पाण्याखाली माणूस फार मोकळेपणाने विचार करतो, कारण कुणी मध्ये बोलू शकत नाही. एकेक गाठ बांधत होतो, आवळत होतो, पुढे जात होतो. फिरवत नव्हतो. सव्वीस गाठी. वर कट्ट्यावर बसल्यावर आम्ही दिवे विझवले, आम्हाला तशी सवय होती, आणि अंधारात मी ते वाक्य बोलून टाकलं. कसं बोललो ते आठवत नाही.  पाणी कुठेतरी एका लयीत थेंबथेंब पडत होतं. मग मास्तर म्हणाला, "बाहेर चल, मग सांगतो." परत येताना फटीत गाळ उठला. तो पुढे होता. दोनच गाठी गेला आणि थांबला, आणि वळून माझ्या अंगावर आला, कारण बोटाला शेपूट उलटं लागलं होतं आणि त्याचा शेपटीवर विश्वास होता. मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. मी त्याचा दंड धरला आणि जोरात बाहेर ढकलला. तो पुन्हा वळला. पुन्हा ढकलला. हवा संपत आलेल्या दोन माणसांनी त्या बोळात अशी झोंबाझोंबी केली. बाहेर आलो तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. काठावर पडून राहिला, आणि श्वास लागल्यावर म्हणाला, "दार कुठं ते कळत नाही, आणि माझ्या बहिणीबरोबर घर मांडायला निघालास." मग हसला. तो होकार होता.

तिने आमचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते विचारलं नाही. फक्त लग्नाला अट घातली. "दोघांपैकी एक जरी पुन्हा पाण्यात उतरला, तर माझ्याशी गाठ आहे." आम्ही दोघांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यामुळे सव्वीस गाठी तशाच राहिल्या. पुढच्या खेपेला फिरवू असं मास्तर म्हणाला होता, आणि पुढची खेप आलीच नाही. मुख्य दोरी आणि आमची दोरी यांच्यामध्ये आम्ही चार हातांची जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती, कुणी परका चुकून तिकडे येऊ नये म्हणून. तेवढ्यावर आम्ही मनाची समजूत घातली. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्याच्या नाकाला हवेची नळी होती. "डावऱ्या, गाठी राहिल्या रे," तो म्हणाला. मी म्हटलं, "कोण जातंय तिकडे." बायको तिथेच मोसंबी सोलत होती. तिला वाटलं, आम्ही काहीतरी जुनं बोलतोय.

"ऐका," मी फोनमध्ये म्हटलं, आणि मग सगळं एका दमात सांगितलं. दोरी कुणी उलटी लावलेली नाही. त्या गाठी माझ्या आहेत आणि त्या मी चुकीच्या बांधल्या. तो बाहेर गेला नसेल, आत गेला असेल. तिथं भिंत नाही. भिंत आम्ही खोटी काढली होती. तिथं खोली आहे आणि तिच्यात हवा आहे.  पलीकडे प्रमुखने कागद उलगडल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "किती हवा?" हा प्रश्न मी एकोणीस वर्षं लोकांना विचारू दिलेला नाही. भरपूर असते, असं आधीच सांगून टाकतो. मी म्हटलं, "दोघांना तासाभराने डोकं दुखायला लागायचं. एकट्याला, शांत बसून राहिला तर, मला माहीत नाही. जास्तीचं नळकांडं न्या. वर पोचलात की आधी ते उघडा, मग त्याच्याशी बोला." फट किती रुंद, खांदा कुठला आधी घालायचा, कुठं डोकं आपटतं, हे मी तिला सांगितलं. तीस वर्षं झाली होती आणि मला एकेक दगड आठवत होता. घराची किल्ली कुठे ठेवली ते मला सकाळी आठवत नाही. शेवटी ती म्हणाली, "हे काल कळलं असतं तर," आणि वाक्य तसंच सोडून तिने फोन ठेवला. ते वाक्य माझ्यासाठीच होतं. मी ते घेतलं.

मग घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. "मीच नंबर दिला," बायको म्हणाली. "तिने गुहा म्हटलं आणि मी खाली बसले. कोण आहे?"

"बेकरीत काम करणारा मुलगा. माझ्या गाठींनी आत गेला."

तिलाही सगळं सांगितलं. वाक्य जुळवत होतो तेसुद्धा. आम्ही तिला नेहमी सांगत आलो होतो की मी मास्तरकडे तिचा विषय चहाच्या दुकानात काढला.  मला वाटलं ती रडेल, पण तिचा आवाज कोरडा होता. "म्हणजे मी शपथ घातली नसती, तर तुम्ही जाऊन गाठी फिरवल्या असत्या."

"तसं नाही."

"तसंच आहे. मी तुम्हा दोघांना बाहेर ठेवलं आणि ते पोर आत गेलं." मग म्हणाली, "त्याच्या आईजवळ कोण बसलंय? विचारलंत?" मी विचारलं नव्हतं. "विचारा," ती म्हणाली. "आणि दादाने तिथंही मला वर घेतलं नाही ना." हे मात्र बोलताना तिचा आवाज फुटला.

त्यानंतरचे तीन तास मी काम केलं. दुसरं काय करणार. एक दातांचे डॉक्टर चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकले होते, आणि वर त्यांचा पेशंट तोंडात कापूस घेऊन बसला होता. डॉक्टर माझ्यावर चिडत होते आणि पेशंटची काळजी करत होते, दोन्ही एकाच वाक्यात. मी म्हटलं, "आमचा माणूस निघाला आहे." म्हटलं, "लिफ्टमध्ये हवा भरपूर असते," आणि तक्त्यावरच्या त्या ओळीकडे बघत बसलो. डॉक्टरांनी विचारलं, "हॅलो? आहात ना?" मी म्हटलं, आहे. मनातून मी त्या कट्ट्यावर होतो. तिथल्या अंधारात बसून मी मुलाला सांगत होतो, झोपू नकोस, फार हलू नकोस, माणूस निघाला आहे. आणि माझ्या शेजारी मास्तर बसला होता आणि काही न बोलता पाण्यात पाय हलवत होता. तो नेहमी पाय हलवायचा. मी नेहमी म्हणायचो, हलवू नकोस, गाळ उठतो. त्या खोलीची मला इतकी ओढ लागली की माझं मलाच विचित्र वाटलं. एक माणूस तिथं मरत असेल, आणि मला तिथं जावंसं वाटत होतं, कारण आयुष्यातलं सगळ्यात कठीण वाक्य मी तिथं बोललो होतो आणि ते फळाला आलं होतं. डॉक्टर सुटले. आभार न मानताच गेले.

समोरच्या खिडकीत दिवा लागला तेव्हा फोन आला. मी या वेळी मजला विचारला नाही.

"आहे," प्रमुख म्हणाली. "जिवंत आहे. कट्ट्यावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. आधी नळकांडं उघडलं, तुम्ही म्हणालात तसं. आता काठावर आहे, आईने धरून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही." ती हसली की रडली ते कळलं नाही.  शेजारच्या टेबलावरच्या बाईने न विचारता माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तो तुम्हाला एक सांगा म्हणाला," प्रमुख पुढे म्हणाली. "म्हणाला, मी दुसऱ्या बाजूला गेलो असतो तर मुख्य दोरीपाशी पोचायच्या आधी ती दोरी संपली असती, आणि मग काहीच हाताला लागलं नसतं. ती चार हातांची जागा. माझी हवा तेव्हा संपत आली होती." तिने घसा साफ केला. "मी त्याला सांगितलं की गाठी चुकल्या होत्या. तो म्हणतो, असतील."

चार हातांची ती जागा आम्ही सावधगिरी म्हणून ठेवली होती. तिने तो मेला असता, आणि माझ्या चुकीने जगला. याचा हिशोब लावायला मास्तर हवा होता. मला तो लावता येत नाही, आणि मला शाबासकीही नको आहे. पण मी पाणी प्यायलो आणि ते गोड लागलं.

"उद्या आम्ही दोरी जोडून घेतो आणि गाठी फिरवतो," ती म्हणाली. "सगळ्या फिरवू ना?"

"सगळ्या. सव्वीस आहेत. मोजून फिरवा."

"आणि नकाशात खोली काढायला हवी. नाव काय लिहू?"

एक खोली तरी आपली असू दे, असं ज्याने म्हटलं होतं त्याला आता विचारता येत नव्हतं. मी म्हटलं, "पोटमाळा." तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही. जमिनीखाली कुठला माळा? मी म्हटलं, तसंच लिहा. तिने अक्षर अक्षर म्हणत लिहून घेतलं.

घरी आलो तेव्हा बायकोने जेवणाच्या टेबलावर कसल्यातरी पार्सलची पांढरी सुतळी काढून ठेवली होती. एक टोक एका खुर्चीला, दुसरं दुसऱ्या खुर्चीला. मुलगा वाचल्याचं तिला मी फोनवर सांगितलं होतं, तरी तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. आईजवळ कोण होतं तेही. मग ती म्हणाली, "दाखवा आता. कशी बांधायची ती गाठ. इतकी वर्षं ऐकलं, दादा म्हणायचा फिरवलीस का, फिरवलीस का. मला वाटायचं, कपाबद्दल बोलतोय."

मी सुतळीचा एक तुकडा घेतला. बोटांना सगळं येत होतं. बांधली, आवळली, शेपूट बोटभर ठेवलं. ती वाकून बघत राहिली. तिच्या मागे आमचं दार होतं, आणि शेपूट दाराकडे नव्हतं, आतल्या खोलीकडे होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी ती फिरवायला हात पुढे केला, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"असू द्या," ती म्हणाली. "इथून कुणाला बाहेर जायचंय?"